चिन्ह पुन्हा पुन्हा चुकतंय? मायनस कुठे हरवतो आणि कुठे दोनदा मोजला जातो

रीत बरोबर, आकडेमोड बरोबर, तरी उत्तरासमोर नको तो मायनस. नाहीतर हवा तिथे मायनस नाही. पुन्हा सोडवलं की पुन्हा तेच. शाळेतल्या भिंगाच्या गणितापासून सापेक्षतेच्या समीकरणांपर्यंत ही तक्रार सारखीच आहे. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: "लक्ष देऊन सोडव." या सल्ल्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण दोष लक्षाचा नसतो. पाच वेळा लक्ष देऊन सोडवलं तरी पाचही वेळा तीच चूक होते. ती आकडेमोडीत नसते, संकेतात असते, म्हणजे कशाला धन आणि कशाला ऋण म्हणायचं या ठरावात.

चिन्ह दोन ठिकाणी राहू शकतं: सूत्रात, किंवा सूत्रात घालायच्या आकड्यात. काही सूत्रांनी चिन्ह स्वतःकडे घेतलेलं असतं; त्यांना आकडा नुसतं माप म्हणून हवा असतो. काही सूत्रांना आकडा चिन्हासकट हवा असतो. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. सूत्र एका पद्धतीचं आणि आकडे दुसऱ्या पद्धतीचे झाले की बिघडतं. मग चिन्ह दोनदा मोजलं जातं, किंवा एकदाही मोजलं जात नाही. खालचे बहुतेक बिघाड याच मुळाचे आहेत.

आधी चुकीच्या उत्तराकडे नीट बघा

चुकीचं उत्तर लगेच खोडू नका. ते बरंच काही सांगतं.

आकडा तोच आणि फक्त चिन्ह उलट असेल, तर कदाचित चूकच नसेल. तुम्ही धन दिशा एक धरली आणि पुस्तकाने दुसरी, एवढंच झालं असेल. गुणाकार-भागाकाराच्या सूत्रात मात्र खरी चूकही अशीच दिसते, म्हणून तिथे अर्थ तपासावा लागतो. आकडाच बदलला असेल, म्हणजे ६० च्या जागी १२ आला असेल, तर बहुधा एकाच समीकरणात दोन संकेत मिसळले आहेत. बेरजेतल्या एका पदाचं चिन्ह उलटलं की उत्तराचं मापच बदलतं. वर्गमूळाच्या आत उणे आकडा येणं, विझायला हवी ती लाट वाढत जाणं, किंवा क्षेत्रफळ शून्य येणं, ही लक्षणंही मिसळ झाल्याचीच असतात.

भिंग आणि आरसा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून एकच उदाहरण सावकाश बघू. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेंटिमीटर, वस्तू ३० सेंटिमीटरवर. प्रतिमा कुठे?

कार्टेशिअन चिन्ह संकेतात आरंभबिंदू भिंगाच्या प्रकाशीय मध्याशी असतो, वस्तू डावीकडे ठेवतात आणि प्रकाश डावीकडून उजवीकडे जातो. प्रकाशाच्या दिशेने मोजलेलं अंतर धन, उलट दिशेने मोजलेलं ऋण. वस्तूचं अंतर यू, प्रतिमेचं व्ही आणि नाभीय अंतर एफ धरलं तर सूत्र असं:

१/व्ही − १/यू = १/एफ

इथे यू = −३०, एफ = +२०. म्हणून १/व्ही = १/२० − १/३० = १/६०, आणि व्ही = +६० सेंटिमीटर.

काही पुस्तकांत "वास्तव ते धन" हा संकेत असतो. त्यात वास्तव वस्तू आणि वास्तव प्रतिमा यांची अंतरं धन, आभासी प्रतिमेचं अंतर ऋण. सूत्रात अधिक चिन्ह येतं:

१/व्ही + १/यू = १/एफ

इथे यू = +३०. पुन्हा १/व्ही = १/२० − १/३०, पुन्हा ६०. दोन्ही संकेत एकाच प्रतिमेपाशी पोहोचतात.

आता मिसळ. पहिलं सूत्र घेतलं आणि यू = +३० घातलं, तर १/व्ही = १/२० + १/३० = १/१२. दुसरं सूत्र घेऊन यू = −३० घातलं तरी १/१२ च. दोन्ही वाटांनी १२. म्हणून या गणितात १२ दिसला की आकडेमोड तपासत बसू नका, सूत्र आणि यू या दोघांचा संकेत एकच आहे का ते बघा.

१२ चूक आहे हे उत्तरपत्रिकेशिवायही कळतं. वस्तू नाभीय अंतर आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे २० आणि ४० यांच्या मध्ये आहे. अशा वेळी प्रतिमा पलीकडे ४० च्याही पुढे पडते. शिवाय एकट्या बहिर्वक्र भिंगाने वास्तव वस्तूची वास्तव प्रतिमा नाभीय अंतराच्या आत कधीच पडत नाही. सूत्र लिहिण्याआधी दोन किरणांची कच्ची आकृती काढायला सांगतात ती याचसाठी.

आरशाकडे गेलं की दुसरा सापळा. कार्टेशिअन संकेतातच आरशाचं सूत्र १/व्ही + १/यू = १/एफ असं अधिक चिन्हाचं आहे, कारण परावर्तित प्रकाश मागे फिरतो आणि वास्तव प्रतिमा वस्तूच्याच बाजूला पडते. विशालनाचंही तसंच: भिंगासाठी व्ही/यू, आरशासाठी −व्ही/यू. अंतर्वक्र आरसा, एफ = −१५, यू = −१० घ्या. १/व्ही = −१/१५ + १/१० = १/३०, म्हणजे व्ही = +३०: प्रतिमा आरशामागे, आभासी. विशालन −(३०)/(−१०) = +३, म्हणजे सुलट आणि तिप्पट. इथे चुकून भिंगाचं विशालन वापरलं तर −३ येतं, म्हणजे "आभासी आणि उलटी" प्रतिमा. एका आरशात वास्तव वस्तूची आभासी प्रतिमा नेहमी सुलटच असते. असा विसंवाद दिसला की विशालनाचं सूत्र चुकीच्या घरातून आलंय.

अजून एक सवय सोडायला हवी. "प्रतिमा आभासी असणार" असा अंदाज बांधून व्ही आधीच उणे लिहायचं आणि वर समीकरण सोडवून पुन्हा चिन्ह काढायचं. माहीत असलेल्या राशींनाच चिन्ह द्या. अज्ञात राशीला स्वतःचं चिन्ह घेऊन बाहेर येऊ द्या.

गुरुत्व: ९.८ कधीच उणे नसतं

गुरुत्व त्वरण, म्हणजे 'जी', हे माप आहे, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि ते धनच. वर धन धरलं तर त्वरण −जी होतं. कोणी जीची किंमत −९.८ लिहून ठेवतो आणि पुढे सूत्रातही −जी लिहितो, आणि चेंडू आकाशात वेग घेत जातो. प्रोग्राममध्ये तर हे नेहमीचं: एका फाइलमध्ये जी = −९.८, दुसरीत त्वरण = −जी. उपाय साधा आहे. स्थिरांक धन ठेवा आणि मायनस फक्त एका ओळीत लिहा.

विस्थापनाचं चिन्ह मात्र खरोखर निसटतं. १५ मीटर उंच कठड्यावरून चेंडू १० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला. जमिनीवर कधी पडेल? जी १० धरू, वर धन. चेंडू शेवटी सुरुवातीच्या जागेच्या १५ मीटर खाली असतो, म्हणून विस्थापन −१५:

−१५ = १०टी − ५टी²

म्हणजे टी² − २टी − ३ = ०, टी = ३ सेकंद. दुसरं मूळ −१ आहे. ते फेकण्याआधीच्या वेळेचं, म्हणून सोडायचं.

उंचीच आहे म्हणून +१५ लिहिलं तर टी² − २टी + ३ = ० येतं आणि वर्गमूळाच्या आत ४ − १२ = −८. इथे समीकरण चुकलेलं नाही. तुम्ही विचारलं, "चेंडू १५ मीटर वर कधी पोहोचेल?" त्याने सांगितलं, "कधीच नाही." या वेगाने तो जेमतेम ५ मीटर वर जातो. उणे वर्गमूळ आलं की आधी विस्थापनाच्या दिशेकडे बघा.

उष्णता आणि कार्य

भौतिकशास्त्राच्या बऱ्याच पुस्तकांत: आंतरिक ऊर्जेतील बदल = उष्णता − वायूने केलेलं कार्य. रसायनशास्त्रात: आंतरिक ऊर्जेतील बदल = उष्णता + वायूवर केलेलं कार्य. फरक फक्त "कार्य" कोणाचं मोजायचं, एवढाच. वायूला ५०० जूल उष्णता दिली आणि त्याने प्रसरण पावून २०० जूल कार्य केलं. पहिल्या पद्धतीने ५०० − २०० = ३००. दुसऱ्या पद्धतीने वायूवरचं कार्य −२००, म्हणून ५०० + (−२००) = ३००. मिसळ झाली की ५०० − (−२००) = ७००. खर्च करून शिल्लक जमेपेक्षा जास्त कशी राहील? वायूने कार्य केलं असेल तर ऊर्जेतली वाढ दिलेल्या उष्णतेपेक्षा कमीच हवी.

वहीत नुसतं "कार्य" लिहू नका. "वायूने केलेलं" किंवा "वायूवर केलेलं" असं पूर्ण लिहा. दोन शब्द जास्त लागतात, पण निम्मे घोळ तिथेच मिटतात. स्थितिज ऊर्जेचंही हेच. बलाने केलेलं कार्य आणि बलाविरुद्ध केलेलं कार्य यांत एका मायनसचा फरक आहे.

विद्युतघट

रसायनशास्त्रातला हा दोष दोनदा मोजण्याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. १९५३ साली स्टॉकहोमला आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बैठकीत ठरलं, की इलेक्ट्रोड विभव म्हणजे क्षपण (इलेक्ट्रॉन घेण्याचं) विभव. त्याआधीच्या अनेक, विशेषतः अमेरिकी, पुस्तकांत ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन देण्याचं) विभव देत. चिन्ह नेमकं उलट. जस्त-तांबे घटात जस्ताचं क्षपण विभव −०.७६ व्होल्ट, तांब्याचं +०.३४. घटाचं विभव = कॅथोड − ॲनोड = ०.३४ − (−०.७६) = १.१० व्होल्ट.

जस्ताचं ऑक्सिडीकरण होतं म्हणून त्याचं चिन्ह उलटून +०.७६ केलं, तर पुढे बेरीज करायची: पुन्हा १.१०. पण चिन्हही उलटलं आणि वजाबाकीही केली, तर ०.३४ − ०.७६ = −०.४२. म्हणजे चालू असलेला घट कागदावर बंद पडला. −०.४२ दिसलं की मायनस दोनदा खर्च झालाय.

ॲनोड धन की ऋण, हा वादही इथेच सुटतो. ॲनोड म्हणजे जिथे ऑक्सिडीकरण होतं ते टोक, एवढंच पक्कं. वीज देणाऱ्या घटात ते ऋण असतं, विद्युत अपघटनात धन.

परिपथ

१२ व्होल्ट आणि ६ व्होल्टचे दोन घट एकमेकांविरुद्ध जोडलेत, एकूण रोध ३ ओहम. धारा २ ॲम्पिअर. तुम्ही धारेची दिशा दाखवणारा बाण उलटा काढला असेल तर −२ येईल, आणि तेही बरोबरच आहे: धारा बाणाच्या उलट वाहतेय. बिघाड होतो तो इथून पुढे. −२ बघून अर्ध्यातच एका समीकरणातला बाण फिरवला जातो, बाकीची समीकरणं तशीच राहतात. बाण एकदा काढला की गणित संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

पडताळा शक्तीचा घ्या. ज्या घटकाच्या धन टोकातून धारा आत शिरते, त्याची विभवांतर × धारा ही शक्ती धन, म्हणजे तो ऊर्जा घेतो. १२ व्होल्टच्या घटाची −२४ वॉट, ६ व्होल्टच्या घटाची +१२ (तो चार्ज होतोय), रोधाची २ × २ × ३ = +१२. बेरीज शून्य. ती शून्य आली नाही तर कुठलं तरी चिन्ह चुकलंय, आणि कोणत्या घटकाचं ते सहसा लगेच दिसतं.

फॅरेडेच्या विद्युतचुंबकीय प्रेरणाच्या नियमातला मायनस आणि लेन्झचा नियम (प्रेरित धारा बदलाला विरोध करते) या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. नुसतं माप काढून दिशा लेन्झवरून ठरवा, किंवा मायनस ठेवून उजव्या हाताच्या नियमाने वेटोळ्याची धन दिशा पाळा. दोन्ही एकदम केलं की दिशा परत उलटते. इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचंही बघून घ्या: ई हा मूलभूत प्रभार धन आहे, १.६०२१७६६३४ × १०⁻¹⁹ कूलोम, आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार −ई. काही ग्रंथांत मात्र ई म्हणजेच इलेक्ट्रॉनचा प्रभार, म्हणजे ऋण. तिथलं सूत्र उचलण्याआधी पहिल्या पानांवरची व्याख्या वाचा.

कोन आणि संगणक

गोलीय निर्देशकांत (बिंदूची जागा एक अंतर आणि दोन कोन देऊन सांगण्याच्या पद्धतीत) थीटा आणि फाय ही कोनांची नावं भौतिकशास्त्रात आणि गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत अदलाबदल होऊन येतात. भौतिकशास्त्रात थीटा हा झेड अक्षापासूनचा कोन, फाय हा झेड अक्षाभोवती फिरण्याचा. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरचं रूपांतर आणखी वेगळं: तिथे दुसरा कोन एक्स-वाय प्रतलापासून वर मोजतात, म्हणून साइनच्या जागी कोसाइन येतो. पायथनच्या सायपाय लायब्ररीत गोलीय हार्मोनिकचं (गोलावरच्या लाटांसारख्या फलनांचं) जुनं फंक्शन थीटा म्हणजे फिरण्याचा कोन मानायचं, नवं फंक्शन भौतिकशास्त्राप्रमाणे मानतं, आणि फलनाचे दोन क्रमांक देण्याचा क्रमही उलटलाय. नुसतं फंक्शनचं नाव बदलून जुना प्रोग्राम चालवला तर तो कुरकूर न करता चुकीची उत्तरं देतो.

तपासायला १ त्रिज्येच्या गोलाच्या पृष्ठावर १ चं संकलन करा. ४ पाय यायला हवं. शून्य आलं तर साइन चुकीच्या कोनाचा घेतलाय, कारण ० ते २ पाय या पूर्ण फेरीत साइनचं संकलन शून्य होतं.

आर्कटॅन२ हे बिंदूच्या दिशेचा कोन देणारं फंक्शन पायथनमध्ये आधी वाय मागतं, मग एक्स. एक्सेलमध्ये आधी एक्स, मग वाय. इथे एक महत्त्वाची गोष्ट: (१, १) घेऊन तपासलं तर दोन्हीकडे ४५ अंश येतात आणि सगळं ठीक वाटतं. चाचणीचं उदाहरण सममित असेल तर ते चूक लपवतं. एक्स = ०, वाय = १ घ्या; ९० अंश यायला हवेत, ० आले तर क्रम उलटा आहे. फिरवण्याच्या मॅट्रिक्सचंही तसंच. १८० अंशांनी काही कळत नाही. (१, ०) ला ९० अंश फिरवा. (०, १) आलं तर सदिश फिरतोय, (०, −१) आलं तर अक्ष फिरतायत. पडद्यावरच्या चित्रात वाय अक्ष बहुधा खाली धन असतो, त्यामुळे धन कोन घड्याळाच्या दिशेने फिरलेला दिसतो, हेही धरून चला.

बारीकसारीक पण नेहमीचे:

- एक्सेलमध्ये =−३^२ चं उत्तर ९ येतं, पायथनमध्ये −३**२ चं −९. कंस घातले की वाद संपतो.
- पायथनमध्ये −७ ला ३ ने भागून बाकी २, सी भाषेत −१.
- पायथनच्या मॅथमधला लॉग नैसर्गिक, एक्सेलमधला लॉग पाया न दिल्यास १० चा. उत्तर २.३०३ पटीने चुकलं तर इथे बघा.
- साइनवर घात २ म्हणजे साइनचा वर्ग, पण साइनवर घात −१ म्हणजे व्यस्त फलन, १/साइन नव्हे. ही लेखनपद्धतीच विसंगत आहे. शक्य तिथे आर्कसाइन लिहा.

फूरिये आणि काळाचा घातांक

फूरिये ट्रान्सफॉर्म लाटेतल्या वारंवारता वेगळ्या काढतो. पायथनच्या नमपाय लायब्ररीत सरळ ट्रान्सफॉर्मच्या घातांकात मायनस असतो आणि १/एन (एन म्हणजे नमुन्यांची संख्या) उलट ट्रान्सफॉर्ममध्ये. मॅथेमॅटिका या सॉफ्टवेअरच्या मूळ रचनेत सरळ ट्रान्सफॉर्मचा घातांक धन, आणि १/√(२ पाय) दोन्हीकडे वाटलेला. कोणता संकेत चालू आहे हे कोसाइन घालून कळत नाही, कारण तो सममित आहे. साइन किंवा एकच संमिश्र घातांकी लाट घाला, म्हणजे शिखर कोणत्या बाजूला येतं ते दिसेल.

भौतिकशास्त्रात काळाचा भाग बहुधा −आय·ओमेगा·टी असा लिहितात, विद्युत अभियांत्रिकीत +जे·ओमेगा·टी (आय आणि जे दोन्ही म्हणजे √−१). म्हणून शोषक माध्यमाचा अपवर्तनांक एकीकडे एन + आय·के, दुसरीकडे एन − जे·के. एका ठिकाणचा अपवर्तनांक दुसरीकडच्या समीकरणात घातला की लाट शोषली जाण्याऐवजी पुढे जाताना मोठी होते. उपाय: परक्या सूत्रात सगळीकडे जेच्या जागी −आय घाला. सगळीकडे; एक जागा राहिली तरी मिसळ झालीच.

सापेक्षतेतही तसंच. मेट्रिकची (अवकाश-काळातलं अंतर मोजण्याच्या नियमाची) चिन्हं (− + + +) असतील तर चतुःसंवेगाचा, म्हणजे ऊर्जा आणि संवेग मिळून होणाऱ्या राशीचा, वर्ग −एम² (एम म्हणजे वस्तुमान, प्रकाशाचा वेग १ धरून), (+ − − −) असतील तर +एम². क्लाइन-गॉर्डन या सापेक्षतावादी लहर-समीकरणातलं वस्तुमानाचं चिन्हही त्याबरोबर पालटतं. सपाट लाट घालून बघा: ऊर्जेचा वर्ग = संवेगाचा वर्ग + वस्तुमानाचा वर्ग असं निघालं पाहिजे. शेवटी वजा आलं तर मेट्रिक एका ग्रंथातलं आणि समीकरण दुसऱ्यातलं. वक्रतेचं चिन्ह तपासायला गोलाचा पृष्ठभाग पुरतो. बहुतेकांच्या संकेतात त्याची अदिश वक्रता धन असते, २/आर² (आर ही त्रिज्या).

एवढं करूनही सापडलं नाही तर

लांब मांडणीत चूक शोधताना पहिल्या ओळीपासून वाचत येऊ नका. डोळा दर वेळी त्याच जागी फसतो. प्रत्येक चलाला साधी पण वेगवेगळी किंमत द्या: २, ३, ५ अशी, ० आणि १ नको, कारण त्यांच्यात मायनस लपतो. मग मधल्या ओळीत त्या किमती घालून डावी-उजवी बाजू काढा. जुळल्या तर चूक खालच्या अर्ध्यात, नाही जुळल्या तर वरच्या अर्ध्यात. त्या अर्ध्याच्या पुन्हा मध्यावर जा. बत्तीस ओळींची मांडणी असली तरी पाच वेळा तपासून चुकीची ओळ हाती लागते. बहुधा ती संकलनाच्या सीमा बदलल्याची, सदिश गुणाकाराचा क्रम उलटल्याची, किंवा कंसाबाहेरचा मायनस आतल्या दुसऱ्या पदापर्यंत न पोहोचल्याची असते.